हरवलेले आडनाव, उरलेला क्रमांक

१/ मॉरिशसमधील मराठी घराण्यांची आडनावे ऐकली की महाराष्ट्रातील माणूस चक्रावतो. त्यांतील पुष्कळ आडनावे म्हणजे मुळात एखाद्या पूर्वजाचे पाळण्यातले नाव असते. मग कित्येक पिढ्यांपूर्वी कोकण सोडलेल्या त्या पूर्वजाचे भाऊबंद आज शोधावेत कसे?

२/ २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ हे जहाज ३६ मजूर घेऊन पोर्ट लुई बंदरात आले. गुलामगिरी संपुष्टात येत होती आणि उसाच्या मळ्यांना माणसे हवी होती. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे करारावर तेथे गेली. बहुतेक कलकत्ता व मद्रासमार्गे गेली. मुंबईहून गेलेल्यांची संख्या त्या मानाने लहान. त्यांत रत्नागिरी व सावंतवाडी भागातील लोक बरेच होते.

३/ बंदरावरील नोंदवहीत नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, अंगावरील खूण, जहाज आणि मूळ ठिकाण लिहिले जाई. या चौकटीत आडनावाला क्वचितच जागा मिळे. समजा, ‘सखाराम, बाप भिकाजी’ अशी नोंद झाली, तर मुलाच्या दाखल्यावर ‘सखाराम’ हेच आडनाव म्हणून बसे आणि पुढे कायम होई.

४/ दोष एकट्या कारकुनाचा नव्हे. जुन्या मराठी कागदांतही माणसाची ओळख पुष्कळदा ‘अमुक बिन तमुक’ अशीच असे. ‘बिन’ म्हणजे मुलगा. त्याला गावाची किंवा वतनाची जोड मिळे. कोकणात तर कुटुंबाने गाव बदलले की आडनावही बदलल्याची उदाहरणे आहेत. म्हणून आडनाव जुळले तरी नाते सिद्ध होत नाही, आणि न जुळले तरी ते नाकारता येत नाही.

५/ टिकला तो क्रमांक. प्रत्येक स्थलांतरिताला स्वतंत्र क्रमांक मिळे आणि तो पुढे विवाहाच्या व अपत्यजन्माच्या नोंदींतही आढळतो. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत या वह्या जतन केल्या आहेत. १८६० च्या दशकापासूनची काही छायाचित्रेही आहेत. २०१५ मध्ये युनेस्कोने या दस्तऐवजांचा ‘जागतिक स्मृती’ नोंदणीत समावेश केला.

६/ म्हणून शोध आजच्या पिढीकडून मागे जातो: स्वतःचा जन्मदाखला, मग आईवडिलांचा, आजोबा-पणजोबांचा, आणि अखेर क्रमांक. क्रमांकावरून मूळ ठिकाण कळते. पण परकीय लिपीत, कानाला ऐकू आले तसे लिहिलेले. ते मोठ्याने वाचून तालुक्यातील गावांच्या यादीशी ताडून पाहावे लागते.

७/ गाव ठरल्यावर कोकणातील बाजू सुरू होते. तेथे जुने फेरफार, जन्ममृत्यूची कोतवाल बुके, शाळेची रजिस्टरे आणि नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या उपयोगी पडतात. देशांतर केलेल्याचे नाव यांत नसले, तरी मागे राहिलेल्या भावाचे असू शकते.

८/ कागद थांबतो तेथे घरातील आठवण बोलते. कुलदैवत कोणते, गणपतीत कोणता नैवेद्य होतो, हे वहीत कोणी लिहिले नव्हते. मॉरिशसचे मराठी आजही ‘झाकरी’ नाचतात. तिचे नाते कोकणातील जाखडीशी आहे. अशी खूण एकटी पुरावा ठरत नाही, पण शोधाला दिशा देते.

९/ आज या शोधाला व्यावहारिक वजनही आले आहे. भारतीय वंशाच्या सातव्या पिढीतील मॉरिशसवासीयांनाही ओसीआय कार्ड मिळू शकेल, असे मार्च २०२४ मध्ये भारताच्या राष्ट्रपतींनी तेथील भेटीत जाहीर केले. वंश दाखवायचा तर कागदांची साखळी अखंड हवी.

१०/ वह्या अभिलेखागारात सुरक्षित आहेत. आठवणी तशा नाहीत. कुलदैवताचे किंवा गावाचे नाव ठाऊक असलेली आजी गेली, की शेकडो नावांतून आपला सखाराम ओळखण्याची खूणही जाते. म्हणून शोधाचे पहिले काम घरातील वडीलधाऱ्यांना विचारणे आणि ते लिहून ठेवणे. आडनावाचा अर्थ त्यानंतर.