परडी आणि परवाना

तुळजापूरला गळ्यात कवड्यांची माळ पडली, की आराध्याला जोगवा मागण्याचा अधिकार मिळतो. परडी घेऊन घरोघरी मागणे हा त्याच्या व्रताचाच भाग. संबळ, तुणतुणे आणि पेटती दिवटी ही गोंधळ्याची ओळख. ती पाहिल्यावर कोणी कागद मागत नाही. सरकारदरबारी मात्र ही ओळख कधीच पुरेशी ठरली नाही.

१९२२ च्या भारतीय उत्प्रवास कायद्याने करारावर परदेशी जाणाऱ्या कलावंताला कारागीर, कारकून आणि घरगड्याच्या पंक्तीत बसवले. ‘प्रदर्शन किंवा करमणूक’ हे त्या कायद्याने नियंत्रित केलेले एक काम होते. १९८३ च्या कायद्यातही ते राहिले. मुकादमाने फसवू नये, परक्या देशात कोणी अडकून पडू नये, हा यामागचा हेतू रास्तच होता. पण दहावी न झालेल्याच्या पारपत्रावर उत्प्रवास तपासणीची अट पडते आणि आखातासारख्या ठिकाणी कामाला जाताना वेगळी मंजुरी लागते. पिढीजात कला शिकताना शाळा सुटलेल्यांना ही अट आधी गाठते.

घरची गोष्ट याहून बोचरी. धाराशिव जिल्हा १९५६ साली ज्या मुंबई राज्यात आला, त्याच राज्याने १९५९ मध्ये भिक्षा प्रतिबंधक कायदा केला. गाणे, नाच किंवा खेळ करून सार्वजनिक जागी दान घेणे हीसुद्धा त्यात भीकच ठरली. पुढे हा कायदा दिल्लीलाही लागू झाला. १९८५ मध्ये दिल्लीच्या शादीपूर वस्तीतले रस्त्यावरचे कलावंत भारत महोत्सवानिमित्त वॉशिंग्टनला गेले. तिकडे ते देशाचे प्रतिनिधी होते. इकडे त्याच खेळासाठी त्यांना पोलीस उचलू शकत होते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये या कायद्यातील शिक्षेच्या तरतुदी दिल्लीपुरत्या रद्द केल्या. महाराष्ट्रात कायदा कायम आहे.

आज अमेरिकेत पारंपरिक कलेसाठी ‘पी-३’ व्हिसा आहे. त्यासाठी करार लागतो, तिकडच्या कामगार संघटनेचे मत लागते, आणि कला अस्सल असल्याबद्दल जाणकारांची पत्रे किंवा वृत्तपत्रांतील परीक्षणे लागतात. रात्रभर अंगणात चाललेल्या गोंधळाचे परीक्षण कोण छापते?

म्हणून आपल्या भागातील गोंधळी आणि आराधी मेळ्यांची नावे, घराणी, कार्यक्रम यांची नोंद ठेवणे हे केवळ संशोधकाचे काम राहत नाही. उद्या एखाद्या संबळवादकाला परदेशातून बोलावणे आले, तर देवीने दिलेली माळ त्याच्याजवळ असेलच. दूतावासात दाखवायचा कागद मात्र आपल्यालाच लिहून ठेवावा लागेल.