१२. सडा
सह्याद्रीच्या माथ्यावरचे जांभ्या खडकाचे उघडे, सपाट पठार. साताऱ्याजवळचे कास, पाचगणीचे टेबललँड आणि चांदोलीच्या जंगलातला झोळंबीचा सडा ही त्याची ठळक ठिकाणे. अमेरिकेतल्या युटाच्या अरुंद लाल घळींत सडा आठवावा हे साहजिकच. दोन्हीकडची लाली लोहाच्या ऑक्साइडचीच. जन्मकथा मात्र अगदी वेगळ्या. तिथला खडक वालुकाश्म, पुराच्या लोंढ्यांनी चिरलेला. इथे अतिपावसात बेसॉल्टमधली सिलिका हळूहळू विरघळून गेली, लोह व ॲल्युमिनियम मागे उरले. माती जेमतेम, म्हणून झाडे तग धरत नाहीत; पावसाळ्याअखेर फुले मात्र दाटतात. त्या विलक्षण फुलोऱ्याचे कास पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे.