दुकान, गिऱ्हाईक आणि माणूसपण

अमेरिकेतील काळ्यांच्या मुक्तिलढ्याविषयी आपल्या कार्यकर्त्यांना बऱ्यापैकी माहिती आहे. माँटगोमेरीची बस, लिटल रॉकची शाळा, सेल्माचा पूल ही नावे आपल्या शिबिरांतून नेहमी घेतली जातात. १९७२ साली मुंबईत ज्या तरुणांनी दलित पँथर स्थापन केली त्यांनी नावच मुळी तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले. परंतु या लढ्याचे एक रणांगण आपल्या लेखनात फारसे येत नाही. ते म्हणजे दुकान. कापडाचे, टोप्यांचे, जोड्यांचे साधे दुकान.

मी गेली अनेक वर्षे विद्यार्थ्यांना इतिहास शिकवतो आहे. विषमतेचा खरा स्वभाव जाणून घ्यायचा असेल तर देवळापेक्षा दुकान अधिक उपयोगी पडते, असे माझे मत बनले आहे. देवळात देव आड येतो, धर्मशास्त्र आड येते. दुकानात फक्त माल आणि पैसा. पैशाला जात नसते, रंग नसतो, असे अर्थशास्त्राची पुस्तके सांगतात. मग पैसा घेताना न विटाळणारा हात त्याच माणसाला बसायला खुर्ची देताना का विटाळतो? या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील दुकानांच्या इतिहासात शोधण्याचा येथे प्रयत्न आहे.

१

गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली. त्यानंतर दक्षिणेकडील राज्यांत ‘जिम क्रो’ नावाने ओळखली जाणारी व्यवस्था उभी राहिली. आगगाडीचे डबे वेगळे, शाळा वेगळ्या, दवाखाने वेगळे. १८९६ साली प्लेसी खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ म्हणून तिच्यावर शिक्कामोर्तब केले. पण दुकानाचे दार काळ्यांना सर्रास बंद करणे व्यापाऱ्याला परवडणारे नव्हते. त्याला काळ्यांचा पैसा हवा होता. म्हणून त्याने दार उघडे ठेवले आणि आत अपमानाची पद्धतशीर व्यवस्था लावली.

ही व्यवस्था बहुतांशी कोणत्याही कायद्यात लिहिलेली नव्हती. ती रूढी होती आणि रूढी कायद्यापेक्षा चिवट असते. गोरे गिऱ्हाईक आले की काळ्याने बाजूला होऊन थांबायचे, मग तो अर्धा तास आधी आलेला का असेना. अनेक दुकानांत काळ्या स्त्रीला पोशाख अंगावर घालून पाहता येत नसे, टोपी डोक्यावर ठेवून पाहता येत नसे. ठेवू दिलीच तर आधी डोक्यावर फडके घ्यावे लागे. विकत घेतलेला कपडा अंगाला बसला नाही तरी परत घेतला जात नसे. पाणी पिण्याचा नळ वेगळा, संडास वेगळा किंवा मुळीच नाही. दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर बसायची तर बातच नको.

माँटगोमेरीच्या बसमध्ये २ मार्च १९५५ रोजी, म्हणजे रोझा पार्क्स यांच्या नऊ महिने आधी, जागा सोडायला नकार देणारी पंधरा वर्षांची क्लॉडेट कॉल्व्हिन. तिने पुढे सांगितले आहे की जोडे घ्यायचे तर पाऊल कागदी पिशवीवर ठेवून त्याची रेघ काढायची आणि तो कागद दुकानात न्यायचा. पाऊल घरी राहणार, पावलाची आकृती दुकानात जाणार! माणसाच्या जागी त्याची रेघ चालते, माणूस चालत नाही.

मार्टिन ल्यूथर किंग यांनी आपल्या लहानपणची एक हकीकत सांगितली आहे. अटलांटा शहरात वडिलांबरोबर ते जोडे घ्यायला गेले आणि दोघे पुढच्या मोकळ्या खुर्च्यांवर बसले. नोकराने नम्रपणे सांगितले, मागे जाऊन बसा, तेथे देतो. वडील म्हणाले, घेतले तर येथेच बसून घेऊ, नाहीतर घेणारच नाही. आणि मुलाचा हात धरून ते बाहेर पडले. नोकर उद्धट नव्हता, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. तो ‘सौजन्याने’ विषमता पाळत होता. सौजन्य आणि सन्मान या दोन गोष्टी एक नव्हेत, हे त्या काळ्या धर्मोपदेशकाला उमगले होते.

संबोधनाचा प्रश्नही असाच. गोऱ्या गिऱ्हाइकाला ‘मिस्टर’, ‘मिसेस’; काळ्याला नुसते नाव, साठीच्या म्हाताऱ्यालाही ‘बॉय’, म्हणजे पोऱ्या. आपल्याकडचे अरे-तुरे ज्याने ऐकले आहे त्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. हा प्रश्न अखेर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अलाबामातील एका न्यायालयात मेरी हॅमिल्टन या कार्यकर्तीला सरकारी वकिलाने ‘मेरी’ अशी हाक मारली. ‘मिस हॅमिल्टन’ म्हटल्याशिवाय उत्तर देणार नाही असे तिने ठणकावले आणि बेअदबीची शिक्षा ओढवून घेतली. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली.

आता विचार करा. हीच काळी स्त्री गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक करत होती, त्यांची लेकरे अंगाखांद्यावर वाढवत होती. तिच्या हातचे अन्न चालत होते, पण तिने एकदा डोक्यावर ठेवलेली टोपी गोरी बाई घेणार नाही अशी दुकानदाराला खात्री होती! म्हणजे विटाळ अंगाचा नव्हता, बरोबरीचा होता. सेवक म्हणून झालेला स्पर्श पवित्र; गिऱ्हाईक म्हणून, समान माणूस म्हणून झालेला स्पर्श अपवित्र. अस्पृश्यता म्हणजे स्वच्छतेची चुकीची कल्पना, असे मानणाऱ्या आपल्याकडील विद्वानांनी या एका टोपीचा तरी विचार करावा.

२

काळे लोक हे निमूटपणे सोसत राहिले असे नाही. पहिली वाट म्हणजे स्वतःचे दुकान. व्हर्जिनियातील रिचमंड शहरात मॅगी लीना वॉकर या कर्तबगार स्त्रीने १९०३ साली काळ्यांची बचत बँक काढली आणि १९०५ साली ‘सेंट ल्यूक एम्पोरियम’ हे मोठे दुकान सुरू केले. तेथे विक्रेत्या काळ्या स्त्रिया होत्या, गिऱ्हाइकांना मान होता. गोऱ्या व्यापाऱ्यांनी ते चालू न देण्याचा चंग बांधला आणि काही वर्षांत ते बंद पडले. भांडवल, घाऊक माल आणि पत ज्यांच्या हाती, त्यांच्याशी एकट्या दुकानाने झुंजणे सोपे नसते.

दुसरी वाट टपालाची. सीअर्स कंपनीच्या जाड कॅटलॉगात प्रत्येक वस्तूची किंमत छापलेली असे. गावचा दुकानदार काळ्या कुळाला उधारीवर माल देई, भाव आपल्या मर्जीने लावी आणि माल कोणता द्यायचा तेही तोच ठरवी. पाकिटाला मात्र रंग कळत नव्हता. छापील किंमत ही गोष्ट आज आपल्याला क्षुल्लक वाटते. अपमानित माणसाच्या दृष्टीने ती समतेची एक पायरी होती.

तिसरी वाट संघर्षाची. १९२९-३० च्या मंदीत शिकागोच्या काळ्या वस्तीत घोषणा निघाली : जेथे तुम्हाला नोकरी मिळत नाही तेथे खरेदी करू नका. १९३० साली डेट्रॉइटमध्ये फॅनी पेक यांनी काळ्या गृहिणींची संघटना उभी केली. घरातला बाजार बाईच्या हाती असतो. तिच्या पिशवीत केवढी ताकद आहे हे या बायकांनी ओळखले. १९३४ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात ब्लमस्टीन या दुकानापुढे निदर्शने झाली, आणि काळ्या मुलींना विक्रेत्या म्हणून घेण्यास मालकाला कबूल व्हावे लागले. वॉशिंग्टनमधील अशाच निदर्शनांचा हक्क १९३८ साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. काउंटरच्या अलीकडे सन्मान हवा असेल तर पलीकडेही आपली माणसे हवीत, हे सूत्र या चळवळीने दिले.

३

१ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलिनातील ग्रीन्सबरो गावी जे घडले ते या सगळ्याचे फळ होते. एझेल ब्लेअर, फ्रँकलिन मॅककेन, जोसेफ मॅकनील आणि डेव्हिड रिचमंड हे चार विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानात गेले. आधी त्यांनी टूथपेस्टसारख्या किरकोळ वस्तू घेतल्या, पावत्या जपून ठेवल्या आणि मग खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसले. नकार मिळताच त्यांनी विचारले : त्या टेबलावर माझा पैसा घेतलात, या टेबलावर का नाही? व्यापाराच्या ढोंगावर याहून नेमका घाव क्वचितच कोणी घातला असेल. पावती हेच त्यांचे शस्त्र होते.

दोन महिन्यांत हे लोण दक्षिणेतील कितीतरी शहरांत पसरले. नॅशव्हिलमध्ये विद्यार्थी मार खात, तुरुंगात जात काउंटरवर बसत राहिले, आणि काळ्या कुटुंबांनी ईस्टरच्या ऐन हंगामात शहरातली खरेदी बंद केली. १० मे रोजी तेथील काउंटर खुले झाले. ग्रीन्सबरोचे वूलवर्थ २५ जुलैला नमले. १९ ऑक्टोबरला अटलांटातील ‘रिचेस’ या प्रतिष्ठित दुकानात किंग यांना अटक झाली.

१९६३ च्या बर्मिंगहॅम लढ्यातील कुत्री आणि पाण्याचे फवारे आपल्याला आठवतात. त्या लढ्याच्या मागण्या काय होत्या हे मात्र आठवत नाही. १० मे १९६३ रोजी जाहीर झालेल्या समझोत्यात नव्वद दिवसांत खाण्याचे काउंटर, संडास, पाण्याचे नळ आणि कपडे घालून पाहण्याच्या खोल्या सर्वांना खुल्या करण्याचे कलम होते, काळ्यांना विक्रेते म्हणून नेमण्याचेही होते. कपडे घालून पाहण्याची खोली! शाळकरी मुले त्यासाठी तुरुंगात गेली. ज्यांना ही मागणी किरकोळ वाटते त्यांच्या वाट्याला तो अपमान आलेला नसतो.

४

२ जुलै १९६४ रोजी नागरी हक्क कायदा झाला. हॉटेले, खाणावळी, नाट्यगृहे, पेट्रोलपंप यांत वर्णभेद करण्यास त्याने बंदी केली. पण सार्वजनिक ठिकाणांच्या या यादीत साधे किरकोळ विक्रीचे दुकान नाही! खाण्याचे काउंटर असलेले दुकान त्या काउंटरमुळे कायद्याखाली येते. नुसत्या कापडाच्या दुकानात अपमानित झालेल्या काळ्या माणसाला मात्र १८६६ च्या एका जुन्या कायद्याचा आधार शोधावा लागतो. तो कायदा गोऱ्यांइतकाच करार करण्याचा हक्क देतो. म्हणजे प्रश्न उरतो : करार झाला का?

याचे परिणाम पाहण्यासारखे आहेत. १९९६ साली कॅन्ससमधील डिलार्ड्स दुकानात दोन काळ्या स्त्रियांना पहारेकऱ्याने चोरीच्या संशयावरून अडवून तपासले. एकीने खरेदी केली होती आणि त्यासोबत मिळालेल्या कुपनावर ती अत्तराचा नमुना घेत होती. करारात अडथळा आला म्हणून तिला ज्यूरीने सुमारे साडेअकरा लाख डॉलर देवविले, आणि २००१ साली वरिष्ठ न्यायालयाने ते कायम केले. दुसरीने काही घेतले नव्हते, म्हणून तिचा दावा टिकला नाही. अपमान दोघींचा सारखाच, पण कायद्याने पाहिली ती पावती. २०१४ साली न्यूयॉर्कमध्ये बार्नीज आणि मेसीज या दुकानांनी अशाच तक्रारींनंतर अनुक्रमे ५,२५,००० आणि ६,५०,००० डॉलर भरून तडजोड केली. पूर्वी काळा गिऱ्हाईक मागे ठेवला जाई. आता त्याच्या मागे पहारेकरी ठेवला जातो. रूप बदलले, संशय तोच.

५

येथे आपल्या घटनेकडे वळले पाहिजे. घटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकानांचा नाव घेऊन उल्लेख आहे. अमेरिकेला १९६४ साली जे जमले नाही ते आपण १९५० सालीच लिहून ठेवले. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत ‘दुकान’ म्हणजे काय, हा प्रश्न निघाला तेव्हा बाबासाहेबांनी त्याचा व्यापक अर्थ सांगितला : मागणाऱ्या कोणालाही आपली सेवा द्यायला जो तयार आहे त्याची जागा म्हणजे दुकान. त्यात धोब्याचे दुकान आले, न्हाव्याचे आले. पुढे १९५५ च्या कायद्याने, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, अस्पृश्यतेच्या कारणावरून माल नाकारणे हा गुन्हा ठरवला. इतरांना देता त्याच वेळी, त्याच ठिकाणी, त्याच अटींवर द्या, असे त्याचे सहावे कलम सांगते.

माझ्या लहानपणी आमच्या गावच्या किराणा दुकानात माझी आजी ओट्याखाली उभी राहायची. पैसे पायरीवर ठेवायचे, दुकानदार त्यावर पाणी शिंपडून उचलायचा, आणि तेल वरून आमच्या बाटलीत सोडायचा. तेव्हा हे सहावे कलम होते. त्या ओट्यापर्यंत ते पोचले नव्हते.

असे का व्हावे? दोन्हीकडच्या बहिष्काराच्या दिशा उलट आहेत, हे त्याचे एक मोठे कारण आहे. तेथे गिऱ्हाइकांनी दुकानावर बहिष्कार टाकला. आपल्या खेड्यांत दुकानांनी आपल्यावर टाकला. मुंबई सरकारने १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीने, जिचे बाबासाहेब सदस्य होते, आपल्या १९३० च्या अहवालात सामाजिक बहिष्कार हे अस्पृश्यांविरुद्धचे भयंकर हत्यार असल्याचे नोंदवले. वाण्याने मीठ-मिरची बंद केली की लढा मोडतो. गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी बहिष्काराविरुद्ध कायद्याची मागणी केली ती याच अनुभवातून. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा यायला २०१६ साल उजाडले. शहरात एकवटलेला, रोख मजुरी हाती असलेला काळा समाज आणि गावोगाव विखुरलेला, उधारीत बांधलेला आपला समाज यांतला हा फरक आहे. ‘खेडी सोडा, शहराकडे चला’ या बाबासाहेबांच्या सांगण्याचा अर्थ गिऱ्हाईक म्हणूनही लावून पाहावा.

शाहू महाराजांना हे कळले होते. पाण्याला शिवल्यावरून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना त्यांनी कोल्हापुरात चहाचे दुकान काढून दिले आणि स्वतः तेथे जाऊन चहा घेतला. राजा गिऱ्हाईक झाला तेव्हा दुकानदार माणूस झाला.

आज दुकाने बदलली आहेत. माल हाताने घ्यावा, टोपलीत टाकावा, छापील किंमत द्यावी. या बदलाचे मी स्वागत करतो. पण दुकानाने आपल्याला गिऱ्हाईक म्हणून मान्य केले याचा अर्थ समाजाने माणूस म्हणून मान्य केले असा कोणी लावू नये. खिसा रिकामा झाल्यावर उरतो तो मान खरा. ग्रीन्सबरोच्या त्या दुकानाच्या जागी २०१० साली नागरी हक्कांचे संग्रहालय उभे राहिले. तेथील खुर्च्या जपून ठेवल्या आहेत. आपले ओटे मात्र कोणी जपले नाहीत, आणि ते ज्यांनी पाहिले त्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीही त्यांच्याबरोबर जात आहेत. शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी त्या लिहून घ्याव्यात : कोणत्या दुकानात कोठे उभे करत, पैसे कसे घेत, कोणत्या नावाने हाक मारत. आणि कार्यकर्त्यांनी ते सहावे कलम पाठ करून ठेवावे. त्याच वेळी, त्याच ठिकाणी, त्याच अटींवर.