साने गुरुजींचे पंढरपूर उपोषण (1947)

आषाढीला बेळगाव-निपाणी भागातून दिंड्या निघतात, विठ्ठलाच्या पायावर डोकं ठेवून लोक परततात. हे डोकं ठेवण्याचा हक्क 1947 पर्यंत दलित भाविकांना नव्हता. संत चोखामेळ्याची समाधी महाद्वारासमोर, बाहेरच. त्याचे अभंग मात्र आत गायले जात. ही विसंगती शेकडो वर्षे कुणाला फारशी खुपली नाही, कारण 'रूढीच आहे' म्हटलं की विषय संपायचा.

त्याआधी 1930 मध्ये डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकला काळाराम मंदिर सत्याग्रह झाला. तो काही वर्षे चालला, पण दार उघडलं नाही. पुढे बाबासाहेबांनी मंदिरप्रवेशाचा नादच सोडला आणि 1935 मध्ये येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. पंढरपूरचा विचार करताना हे विसरून चालत नाही.

साने गुरुजींनी 1946 च्या अखेरीस उपोषण जाहीर केलं. सहकाऱ्यांनी, विशेषतः सेनापती बापटांनी, आधी लोकमत तयार करू म्हणून ते पुढे ढकलायला लावलं. माझ्या मते यशाचं खरं मूळ इथेच आहे. मधल्या महिन्यांत गुरुजी महाराष्ट्रभर फिरले, सभा घेतल्या, सेवादलाची पोरं गाणी घेऊन सोबत होती. पंढरपूरचा निकाल लागण्याआधीच कितीतरी गावांत देवळं आणि पाणवठे खुले झाले. नुसतं उपाशी बसून हे झालं नसतं.

1 मे 1947 ला पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू झालं. सनातनी मंडळींचा विरोध होताच, पण अडचण आपल्याच माणसांचीही होती. खुद्द गांधीजींना हे उपोषण पटलं नव्हतं, थांबवा म्हणून त्यांनी कळवलं. गुरुजी गांधींना मानणारे, तरी थांबले नाहीत. ज्यांना गुरू मानायचं त्यांचंही न ऐकणं सोपं नसतं हो.

मध्यस्थीला आले दादासाहेब मावळंकर, त्या वेळी केंद्रीय विधिमंडळाचे अध्यक्ष. जन्म वडोद्याचा, वकिली अहमदाबादेत, म्हणजे आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेरचे मराठी. बडव्यांशी बोलणी होऊन मंदिर खुलं करण्याची तयारी मिळाली आणि 10 मे ला गुरुजींनी उपोषण सोडलं. त्याच वर्षी मुंबई प्रांतात हरिजन मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला.