अर्ध्या तासाची विश्रांती

जत्रेच्या कुस्तीला छापील वेळापत्रक कधी नव्हते. नारळ फुटला, हलगी कडाडली की पोरासोरांच्या रेवडीवरच्या कुस्त्या सुरू होत. उन्हे कलली की मोठे मल्ल मातीत उतरत आणि शेवटची जोड दिवेलागणीला लागे. पंचांनी अंगलट पाहून जोड जुळवावी, दोघांनी हातात हात द्यावा, आणि पाठ लागेपर्यंत झुंजावे. वजनाचा काटा नाही, घड्याळ नाही. मोठा मल्ल त्या दिवशी एकच कुस्ती करी. मग इनाम घेऊन, फेटा बांधून घरी जाई. १९१२ साली शाहूमहाराजांनी कोल्हापूरला खासबाग मैदान उभे केले, तेव्हा मातीतल्या या कुस्तीला राजाचे अंगण मिळाले.

स्पर्धेची रीत मात्र निराळी. तेथे वजनाचे गट असतात, चिठ्ठ्या टाकून जोड ठरते, गुण मोजले जातात. आणि एकाच मल्लाला लागोपाठ अनेक कुस्त्या कराव्या लागतात. साहजिकच दोन कुस्त्यांमध्ये किती वेळ मिळाला, यावरही निकाल अवलंबून राहतो. यादी आणि वेळापत्रक हेही जणू दोन प्रतिस्पर्धीच होत. पण त्यांच्याशी मल्लाने झुंजावयाचे नसते. ते काम त्याच्या पाठीशी उभ्या असलेल्या माणसांचे.

खाशाबा जाधवांची कहाणी मी या दृष्टीने वाचतो. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मुलगा. जन्म १९२६ चा. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकत असताना वार्षिक क्रीडास्पर्धेत कुस्तीसाठी नाव द्यावयास तो गेला, तेव्हा त्याची किरकोळ अंगकाठी पाहून क्रीडाशिक्षकांनी नकार दिला, असे सांगतात. मुलगा मुकाट्याने परतला नाही. तो थेट प्राचार्यांकडे गेला. प्राचार्यांनी परवानगी दिली आणि त्याने मैदान मारले. यादीत नाव चढले, म्हणून तर पुढचे सारे घडले.

१९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये मातीत वाढलेले खाशाबा गादीवर खेळले आणि सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकीसाठी निवड व्हावयाची होती, तेव्हा मद्रासच्या स्पर्धेत आपल्याला मुद्दाम एक गुण कमी दिला, अशी त्यांची तक्रार होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराजांनी निवडचाचणीत पुन्हा संधी मिळवून दिली; खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला लोळवले. पण निवड झाली तरी प्रवासाला पैसा कोठला? राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर सात हजार रुपयांना गहाण टाकले. गावानेही वर्गणी काढली.

हेलसिंकीत ५७ किलोच्या गटात कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवून खाशाबा पुढे गेले. मग जपानच्या इशीशी दीर्घ, दमवणारी कुस्ती झाली. ती ते हरले. अंगावरचा घामही वाळला नव्हता, तोच रशियाच्या मामेदबेकोव्हशी खेळण्यासाठी पुकारा झाला. दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळाली पाहिजे, असा नियम होता. परंतु पंचांच्या टेबलापाशी जाऊन तो नियम दाखविणारा एकही भारतीय अधिकारी तेथे नव्हता. थकलेले खाशाबा गादीवर उतरले आणि हरले. सुवर्ण इशीला, रौप्य मामेदबेकोव्हला आणि कांस्य खाशाबांना मिळाले.

ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तसल्या दुसऱ्या पदकासाठी देशाला १९९६ पर्यंत, म्हणजे चव्वेचाळीस वर्षे, थांबावे लागले. शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक काढून लोकांनी त्यांचे स्वागत केले. त्यानंतर खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरविली आणि प्राचार्यांचे कर्ज फेडले. १९५५ साली ते पोलीस खात्यात लागले, आणि १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

विश्रांती मिळाली असती तर पदकाचा रंग बदलला असता काय? ते कोणी सांगू शकणार नाही, आणि मीही सांगत नाही. मला डाचते ते एवढेच की, नियम होता, हक्क होता, पण बोलणारा नव्हता. ज्या मुलासाठी कोल्हापुरात एका माणसाने घर गहाण टाकले, त्याच्यासाठी हेलसिंकीत चार शब्द बोलावयास कोणी नसावे!

आजही राज्यभरातील महाविद्यालयांचे मल्ल स्पर्धेसाठी एकत्र जमतात. रात्रीच्या एस.टी.ने यावे, वजन वाढू नये म्हणून उपाशी राहावे, सकाळी काट्यावर उभे राहावे, आणि पुकारा होईल तेव्हा लंगोट कसून धावावे, असा त्यांचा दिवस जातो. त्यांच्याबरोबर एक शिक्षक येतो. बहुधा तो प्रवासखर्चाच्या पावत्या सांभाळीत एका कोपऱ्यात बसलेला असतो. मी स्वतः मास्तर आहे, म्हणून हे हक्काने सांगतो : गुरुजी, पावत्या खिशात घाला, नियमांचे पुस्तक हातात घ्या आणि टेबलाजवळ जाऊन उभे राहा. पोरगा आपली कुस्ती करील. त्याच्या विश्रांतीचा वेळ मात्र तुम्हीच मागून घ्यावयाचा आहे.