डबा परत जातो, आतलं रेकॉर्डिंगही जातं

मंडळी, परवा आपल्याच एका वाचकाचा मेसेज आला. डीटीएच बंद करतोय, रेकॉर्डिंगवाला सेट-टॉप बॉक्स न्यायला कंपनीचा माणूस येणार आहे, आत पाच-सहा वर्षांचं साठवलंय. महापुराच्या बातम्या, त्यात आमची गल्ली, वडिलांची एका चॅनेलवरची मुलाखत. पेन ड्राइव्हवर कसं घ्यायचं?

सरळ उत्तर: पेन ड्राइव्हवर बहुधा येत नाही. दुसरी वाट आहे, ती खाली सांगतो. पण हे असं का झालं, याला पन्नास वर्षांचा इतिहास आहे. तो आपल्या हक्काचा आहे, म्हणून जरा दमाने वाचा.

१९७५ साली सोनीने बीटामॅक्स आणलं. घरबसल्या टीव्हीवरचा कार्यक्रम टेपवर घ्या, सवडीने बघा. पुढच्याच वर्षी युनिव्हर्सल आणि डिस्ने या दोन स्टुडिओंनी सोनीला अमेरिकेत कोर्टात खेचलं. म्हणणं काय, तर घरी रेकॉर्ड करणं म्हणजे आमच्या मालाची चोरी. खालच्या कोर्टात सोनी जिंकली, अपिलात हरली. शेवटी १७ जानेवारी १९८४ रोजी सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की नंतर बघण्यासाठी घरी रेकॉर्ड करणं हा गुन्हा नाही. पाच विरुद्ध चार! एक न्यायमूर्ती इकडचा तिकडे झाला असता तर ते यंत्रच कोर्टाच्या कचाट्यात सापडलं असतं. मुलांचे लाडके कार्यक्रम करणारे फ्रेड रॉजर्स यांनी साक्षीत सांगितलं होतं की घरच्यांनी माझा कार्यक्रम रेकॉर्ड केला तर मला काहीच अडचण नाही. निकालात त्याचा उल्लेख आहे.

आता कुणी म्हणेल, घरच्या टेपांचं एवढं काय कौतुक? कंपन्यांकडे सगळं असतंच की. तर नसतं. बीबीसीसारख्या संस्थेने साठ-सत्तरच्या दशकांत आपल्याच टेपा पुसल्या, कारण टेप महाग आणि कपाटात जागा कमी. 'डॉक्टर हू' या गाजलेल्या मालिकेचे नव्वदहून जास्त भाग त्यात गेले. पण त्या प्रत्येक भागाचा आवाज आज शिल्लक आहे. का? तर टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून बसलेल्या प्रेक्षकांमुळे. आपल्याकडे मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं; त्या सुरुवातीच्या दिवसांत बरंच काही थेट प्रक्षेपित व्हायचं, म्हणजे झालं की हवेत विरलं.

आणि फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स. पूर्वी ग्रंथपाल होत्या. १९७९ पासून डिसेंबर २०१२ मध्ये मरेपर्यंत त्या चोवीस तास बातम्या रेकॉर्ड करत राहिल्या. सुमारे ७० हजार टेपा. लोकांना ते वेडच वाटलं असणार. आज तो साठा इंटरनेट अर्काइव्हकडे आहे.

हे जमलं, कारण टेप त्यांच्या हातात होती. यंत्रातून काढा, तारीख लिहा, कपाटात ठेवा. १९९९ मध्ये अमेरिकेत टीवो आलं आणि टेपेच्या जागी हार्ड डिस्क आली. चित्र छान, सोय मोठी. पण डिस्क डब्याच्या आत, त्यावरचा मजकूर कुलूपबंद, आणि किल्ली त्याच डब्याशी बांधलेली. सॅटेलाइट कंपन्यांनी पुढे असे डबे भाड्याने द्यायला सुरुवात केली. भारतात २००८ मध्ये टाटा स्कायचा रेकॉर्डरवाला डबा आला तोही साधारण याच जातीचा. डिस्क काढून कॉम्प्युटरला लावलीत तरी बहुधा काहीच उघडत नाही.

गंमत म्हणजे कायदा आपल्या बाजूने आहे. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ३९: स्वतःच्या खासगी वापरासाठी प्रक्षेपण रेकॉर्ड केलं तर हक्कभंग होत नाही. २०१२ मध्ये कलम ६५अ आलं. त्यात कुलूप तोडण्याला शिक्षा आहे, पण ती हक्कभंगाच्या हेतूने तोडलं तर. म्हणजे कोर्टात जिंकलेला हक्क कंपनीच्या स्क्रूखाली अडकलाय. माझं मत स्पष्ट आहे: ग्राहकाने पैसे मोजून साठवलेलं बाहेर काढायची सोय कंपनीने द्यायला हवी आणि ट्रायने ती मागायला हवी. डबा भाड्याचा असेल, पण वडिलांची मुलाखत भाड्याची नाही.

तोवर हे करा. कनेक्शन तोडायच्या आधी, कारण बरेच डबे सेवा बंद झाली की जुनं रेकॉर्डिंगही दाखवत नाहीत. नवीन रेकॉर्डिंग लावणं थांबवा. डिस्क भरली की काही डबे जुनं आपोआप पुसतात. एचडीएमआयच्या नादी लागू नका, तिथेही कुलूप असतं. डब्यामागे पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिना किंवा एव्ही जॅक असतो, तिथून वायर काढून कॉम्प्युटरला लावायच्या कॅप्चर स्टिकमध्ये द्या, जुना डीव्हीडी रेकॉर्डर असेल तर त्यात. मग कार्यक्रम लावा आणि रेकॉर्ड होऊ द्या. चित्र थोडं पुसट येईल, आणि दहा तासांच्या रेकॉर्डिंगला दहाच तास लागतील. म्हणून मालिका सोडा, त्या कुठेतरी मिळतील. आधी गावच्या बातम्या, मुलाखती, स्थानिक चॅनेलवरचं घ्या. फाइलच्या नावात चॅनेल आणि तारीख टाका, दोन ठिकाणी ठेवा.

न्यायला येणाऱ्या माणसाला आठवडाभर पुढची तारीख द्या. तो बहुतेक ऐकतो.