सीडीपासून भांडारापर्यंत : बेंगळुरू, लिनक्स आणि अद्ययावत राहण्याचा प्रश्न

१९९६ साली ‘पीसी क्वेस्ट’ या इंग्रजी संगणक-मासिकाने अंकासोबत लिनक्सची एक सीडी वाचकांना दिली. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले होते, त्याला तेव्हा फार काळ लोटला नव्हता. ही सेवा टेलिफोनच्या तारेवरून मिळे. २८.८ किलोबिट प्रतिसेकंद वेगाचा मोडेम पूर्ण क्षमतेने चालला आणि लाइन एकदाही तुटली नाही असे मानले, तरी एका सीडीत मावणारी ६५० मेगाबाइट सामग्री उतरवून घ्यायला सलग ५० तास लागले असते. प्रत्यक्षात इतका वेळ तुटल्याशिवाय टिकणारी लाइन मिळणे अवघड, आणि मिळाली तरी तिचा खर्च विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचा. त्यामुळे अंकासोबत आलेली सीडी हेच बहुसंख्य भारतीय वाचकांसाठी लिनक्स ठरले.

या उपक्रमामागे बेंगळुरूचे अतुल चिटणीस होते. १९६२ साली बर्लिनमध्ये जन्मलेले चिटणीस बेळगावात अभियांत्रिकी शिकले आणि पुढे बेंगळुरूत स्थायिक झाले. इंटरनेट येण्यापूर्वी टेलिफोनवरून संगणक जोडून संदेशांची देवाणघेवाण करणारे ‘बुलेटिन बोर्ड’ चालवणाऱ्या भारतातील सुरुवातीच्या मंडळींत त्यांची गणना होते. मासिकाची पहिली सीडी ‘स्लॅकवेअर’ या वितरणाची होती. पुढे ‘रेड हॅट’ आणि नंतर ‘फेडोरा’ यांच्या आधारे ‘पीसीक्यू लिनक्स’ या नावाने मासिकाने स्वतःच्या आवृत्त्या काढल्या. आज संगणकाच्या पाठ्यपुस्तकात जे प्रश्न ‘पॅकेज व्यवस्थापन’ या कोरड्या शीर्षकाखाली येतात, ते भारतात प्रथम मोठ्या प्रमाणावर सोडवले गेले ते या सीडींच्या रूपाने.

हे प्रश्न समजण्यासाठी ‘वितरण’ म्हणजे काय, हे पाहायला हवे. काटेकोरपणे बोलायचे तर लिनक्स हे फक्त कर्नलचे, म्हणजे यंत्र आणि प्रोग्रॅम यांच्यामधील मध्यस्थाचे नाव. हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स यांनी ते १९९१ साली जाहीर केले. नुसत्या कर्नलने पत्र लिहिता येत नाही, छपाई होत नाही, की फाइलची प्रतही काढता येत नाही. त्यासाठी ग्नू प्रकल्पाची साधने, खिडक्यांची व्यवस्था, संपादक, ब्राउझर अशा शेकडो गोष्टी जमवाव्या लागतात, एकमेकांशी जुळवाव्या लागतात आणि बांधून द्याव्या लागतात. हे काम वितरण करते. १९९३ च्या जुलैमध्ये पॅट्रिक व्होल्कर्डिंग यांनी स्लॅकवेअर आणले. लगेच ऑगस्टमध्ये इयान मर्डॉक यांनी, तेव्हाच्या एका लोकप्रिय वितरणातील चुका आणि हेळसांड पाहून, ‘डेबियन’ची घोषणा केली.

वितरण बांधणाऱ्यापुढे तीन प्रश्न असतात. कोणते सॉफ्टवेअर सोबत द्यावे? त्यांतले कोणते आपोआप बसावे आणि संगणक सुरू होताच चालू व्हावे? आणि आज दिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये उद्या दोष सापडला, तर दुरुस्ती वापरकर्त्यापर्यंत कशी पोहोचवावी?

जिथे जलद इंटरनेट होते, तिथे पहिला प्रश्न तुलनेने सौम्य होता. सीडीवर नसलेला प्रोग्रॅम नंतर उतरवता येत असे. बेंगळुरूत, पुण्यात किंवा बेळगावात १९९६ साली तशी सोय नव्हती. जे सीडीवर नाही, ते वापरकर्त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. त्यामुळे सीडी बांधणाऱ्याचे काम मासिकाच्या संपादकासारखे झाले. पाने मोजकी, साहित्य अपार, आणि वगळलेले वाचकाला कधी दिसणारच नाही. एखाद्या मुलीने त्या सीडीवरून सी भाषा शिकायला घेतली असेल, तर त्याचे कारण कंपायलर सीडीवर होता, हे होते.

पॅकेजांच्या परस्परावलंबनामुळे हे काम अधिकच अवघड होई. एक प्रोग्रॅम चालायला दुसरे ग्रंथालय, म्हणजे तयार कार्यांचा संच लागतो. त्याला तिसरे लागते. रेड हॅटने १९९५ साली आणलेले आरपीएम हे साधन कोणत्या पॅकेजला काय लागते याची नोंद ठेवी आणि काही कमी असेल तर बसवण्यास नकार देई. पण कमी असलेले शोधून आणण्याचे काम वापरकर्त्याचेच राही. डेबियनच्या १९९९ मधील २.१ या आवृत्तीसोबत आलेल्या ‘एप्ट’ने ही साखळी स्वतः सोडवली. हव्या त्या प्रोग्रॅमचे नाव सांगावे. त्याला लागणारे सारे शोधून, योग्य क्रमाने बसवून मिळे. एप्ट सीडीलाही पॅकेजांचे भांडार मानू शकत असे, हा गुण नेटवर्क दुर्मीळ असलेल्या देशांत मोलाचा ठरला. कोणते पॅकेज कितव्या सीडीवर ठेवायचे हे ठरवताना डेबियनने वापरकर्त्यांनी स्वेच्छेने पाठवलेल्या वापराच्या नोंदींचा आधार घेतला. सर्वाधिक वापरली जाणारी पॅकेजे पहिल्या सीडीवर, क्वचित लागणारी शेवटच्या सीडींवर. संपादकाच्या निवडीला अशी मोजणीची जोड मिळाली.

याच सुमारास बेंगळुरूत निवडीचा प्रश्न कितीतरी लहान जागेत सोडवला जात होता. भारतीय विज्ञान संस्थेतील विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन आणि व्ही. विनय हे प्राध्यापक आणि विनय देशपांडे यांच्या ‘एन्कोअर सॉफ्टवेअर’मधील अभियंते यांनी मिळून ‘सिंप्युटर’ घडवला. हातात मावणारा, ग्रामीण भारतासाठी कल्पिलेला हा संगणक एप्रिल २००१ मध्ये लोकांसमोर आला. तो लिनक्सवर चाले. त्यात हार्ड डिस्क नव्हती. फ्लॅश स्मृती ३२ मेगाबाइटपर्यंतची होती. सीडीच्या विसाव्या हिश्श्यात कार्यप्रणाली आणि सारे प्रोग्रॅम बसवायचे होते.

इतक्या लहान जागेत प्रत्येक पॅकेज म्हणजे वापरकर्ता कोण आहे याविषयीचे एक मत असते. सिंप्युटरच्या निर्मात्यांनी मोठा ब्राउझर ठेवला नाही. साध्या चित्रमय पडद्यांसाठी स्वतःची ‘आयएमएल’ ही खूणभाषा आणि ती दाखवणारा छोटा प्रोग्रॅम तयार केला. वापरणाऱ्याला वाचता येईलच असे गृहीत धरले नाही. म्हणून मजकूर भारतीय भाषांत वाचून दाखवणारे ‘ध्वनी’ हे सॉफ्टवेअर रमेश हरिहरन यांनी लिहिले. एक यंत्र अख्ख्या गावाने वापरावे आणि प्रत्येकाची खासगी माहिती त्याच्या स्मार्ट कार्डात राहावी, अशी योजना होती. पुढे भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेला ‘अमिडा सिंप्युटर’ २००४ मध्ये बाजारात आला, पण अपेक्षित विक्री झाली नाही आणि प्रकल्प मागे पडला. यंत्र थांबले, तरी खुल्या परवान्याखाली दिलेले ‘ध्वनी’ टिकले. इतरांनी ते पुढे वाढवले आणि त्याला मराठीसह अनेक भाषा वाचता येऊ लागल्या.

भाषेचा प्रश्न मोठ्या संगणकांवरही होताच. एखाद्या वितरणात देवनागरी फॉन्ट मुळातच बसवलेला नसेल, तर मराठी मजकुराच्या जागी रिकाम्या चौकटी दिसतात. फॉन्ट नंतर बसवता येतो हे खरे. पण तो कसा बसवायचा याच्या सूचना इंग्रजीत असतील, तर ज्याला मराठीची सर्वाधिक गरज आहे तोच अडतो. २००४ साली रेड हॅटने पुण्याच्या ‘मॉड्युलर इन्फोटेक’ने घडवलेले ‘लोहित’ फॉन्ट खुल्या परवान्याखाली प्रसिद्ध केले. संस्कृतात लोहित म्हणजे लाल. हे फॉन्ट फेडोरापासून अनेक वितरणांत सोबत येऊ लागले आणि मराठी वाचकाला नव्या संगणकावर पहिल्याच दिवशी आपली लिपी दिसू लागली.

दुसरा प्रश्न, म्हणजे आपोआप काय सुरू व्हावे, किती गंभीर आहे हे जानेवारी २००१ मध्ये जगाला कळले. ‘रामेन’ नावाचा, संगणकावरून संगणकावर स्वतःहून पसरणारा घातक प्रोग्रॅम रेड हॅटच्या ६.२ आणि ७.० या आवृत्त्यांवर तुटून पडला. फाइलींची देवाणघेवाण आणि छपाई अशा सेवांमधील दोष त्याने वापरले. यांतल्या कित्येक सेवांची त्या संगणकांच्या मालकांना गरज नव्हती. त्या चालू आहेत हेही अनेकांच्या गावी नव्हते. दोषांच्या दुरुस्त्या काही महिने आधीच प्रसिद्ध झाल्या होत्या. म्हणजे हानीला दोन कारणे मिळून जबाबदार होती : प्रतिष्ठापनाच्या वेळी केलेली सढळ निवड आणि नंतर न पोहोचलेले अपडेट. या आणि अशा घटनांतून वितरणांनी अनावश्यक सेवा बंद ठेवण्याचा दंडक हळूहळू स्वीकारला.

भारतात तिसरा प्रश्न सर्वांत कठीण होता. सीडी टपालाने येऊ शकते. दर आठवड्याच्या दुरुस्त्या टपालाने येऊ शकत नाहीत. नव्या सीडीची वाट पाहणे, किंवा गावातील लिनक्स वापरकर्त्यांच्या गटाने भरवलेल्या मेळाव्यात संगणक उचलून नेणे, हेच बहुतेकांचे अपडेट होते. त्यात वितरणे स्वतःही स्थिर नव्हती. ३० एप्रिल २००४ रोजी ‘रेड हॅट लिनक्स ९’साठी दुरुस्त्या देणे थांबले आणि त्याबरोबर ती मालिका संपली. तिच्या जागी आलेल्या फेडोराची प्रत्येक आवृत्ती साधारण १३ महिनेच सांभाळली जाते. जलद नेटवर्क असणाऱ्याला हा काळ पुरतो. वर्षातून एकदा सीडी मिळणाऱ्याला नवी आवृत्ती बसेपर्यंत तिची मुदत सरत आलेली असते. २००६ साली ‘उबुंटू’ने दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्तीची पद्धत सुरू केली. शाळा आणि कार्यालये यांच्या दृष्टीने तिचे महत्त्व नव्या प्रोग्रॅमपेक्षा अधिक होते.

दरम्यान बेंगळुरूची भूमिका बदलत गेली. २००१ साली सुरू झालेली ‘लिनक्स बेंगलोर’ ही परिषद २००५ पासून ‘फॉस डॉट इन’ झाली आणि २०१२ पर्यंत चालली. सुरुवातीला तिथे लिनक्स कसे वापरावे याची व्याख्याने होत. पुढे भर वापरावरून योगदानावर गेला. सॉफ्टवेअर घेणाऱ्यांनी ते घडवणाऱ्यांत सामील व्हावे, दोष नोंदवावेत, पॅकेज सांभाळावे, भाषांतर करावे, असा आग्रह तिथे धरला गेला. चिटणीस यांचे निधन ३ जून २०१३ रोजी झाले. तोपर्यंत त्यांनी वाटलेल्या सीडींची गरजही ओसरली होती. उबुंटूने जगभर मोफत सीडी पाठवण्याची योजना २०११ मध्ये बंद केली आणि २०१२ च्या अखेरीस आपले वितरण एका सीडीत बसवण्याची मर्यादाही सोडून दिली.

आता निवड सीडीवर होत नाही. ती नेटवर्कवरील भांडारात होते. डेबियनच्या भांडारात हजारो पॅकेजे आहेत. नवे पॅकेज आधी ‘अनस्टेबल’ या विभागात येते, काही दिवस दोष न आढळल्यास ‘टेस्टिंग’मध्ये जाते आणि साधारण दोन वर्षांनी ‘स्टेबल’ आवृत्तीत स्थिरावते. स्थिर आवृत्तीत नंतर बहुधा नवे गुण येत नाहीत. फक्त दुरुस्त्या येतात. पाहणाऱ्याला ही दिरंगाई वाटते. पण २९ मार्च २०२४ रोजी तिचे मोल दिसले. ‘एक्सझेड’ या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी हेतुपुरस्सर चोरवाट ठेवल्याचे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने उघड केले. दूरच्या संगणकात प्रवेश करायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा शोध घेताना ते तिथवर पोहोचले. त्या आवृत्त्या डेबियन आणि फेडोराच्या चाचणी-विभागांत शिरल्या होत्या. स्थिर आवृत्त्यांत अजून उतरल्या नव्हत्या. रामेनच्या वेळी ज्यांनी अपडेट घेतले नाही ते अडकले. एक्सझेडच्या वेळी ज्यांनी सर्वांत आधी घेतले ते धोक्यात आले. सुरक्षेच्या दुरुस्त्या तत्काळ घ्याव्यात आणि नव्या आवृत्त्या पारखून घ्याव्यात, हा भेद वितरणे वापरकर्त्याच्या वतीने करतात. वितरणाची खरी सेवा हीच आहे.

भारतीय राज्यसंस्थाही या क्षेत्रात उतरली आहे. सी-डॅकने डेबियनवर आधारलेली, भारतीय भाषांना आधार देणारी ‘बॉस’ ही कार्यप्रणाली जानेवारी २००७ मध्ये आणली. २०२३ साली संरक्षण मंत्रालयाने आपल्या संगणकांसाठी उबुंटूवर आधारलेली ‘माया’ स्वीकारल्याचे वृत्त आले. अशा प्रत्येक घोषणेच्या वेळी चर्चा होते ती नावाची, पडद्याच्या रूपाची आणि सोबत दिलेल्या सॉफ्टवेअरची. मागील तीन दशकांचा अनुभव दुसरीकडे बोट दाखवतो. सोबत काय द्यायचे हे एकदा ठरते. दुरुस्त्या मात्र यंत्र वापरात असेपर्यंत दर आठवड्याला द्याव्या लागतात. मूळ वितरणात दुरुस्ती आल्यावर किती दिवसांत ती आपल्या आवृत्तीत येते, ते पाहणारी माणसे किती आहेत, त्यांचे वेतन पाचव्या वर्षीही चालू राहणार आहे का, आणि तालुक्याच्या शाळेतील मंद जोडणीवरून ती दुरुस्ती उतरू शकते का, हे विचारल्याशिवाय अशा वितरणाचे मूल्यमापन पूर्ण होत नाही. १९९६ साली अंकासोबत सीडी देऊन अंतराचा अर्धा प्रश्न सुटला होता. उरलेला अर्धा कितपत सुटला आहे, हे त्या शाळेतील संगणकाने शेवटची दुरुस्ती केव्हा घेतली या तारखेवरून कळेल.